परमुलुखींच्या भाड्याच्या गाडीस कुंकवाचें बोट लावण्याची मसलत

श्रीगजानन सन्मुख, कुलस्वामिनी पाठीशीं. शालिवाहन शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, शुद्ध पक्ष, घरोघरीं घट बसले होते ते समयींचें वर्तमान ऐसें जे, चौथे मजल्यावरील राज्यांत दोन प्रहरीं जेवणें आटोपून सर्वत्र सामसूम जाहली होती, आणि राजकन्या जुईबाई, वय वर्षें पांच, महत्प्रयासें निजल्या होत्या, आणि मातुश्री कुमुदिनीबाई आपले खोलींत डोळे मिटून पडल्या होत्या, आणि इतक्यांत ओट्यावरून पिठाच्या डब्याचें झाकण घरंगळलें. तें फरशीवर पडलें आणि गिरक्या घेत, खणखणत, आतां थांबतों मग थांबतों करीत बहुत वेळ फिरलें, आणि राणी केतकीबाई पिठाचे हात हवेंत धरून श्वास रोखून उभ्या राहिल्या. जुईबाईंनीं कूस बदलली. एक पैंजण वाजलें. मग झाकण निजलें आणि राज्य वांचलें. राणीसाहेबांस दिवसभरांत आपला म्हणावा ऐसा हाच एक वेळ, सबब हात पुसून त्यांणीं लॅपटॉप नामें पेटी उघडली आणि परमुलुखींच्या गाड्यांचे भाव पाहूं लागल्या.

मोहिमेचें कारण ऐसें. दक्षिण समुद्रापलीकडे एक बेट आहे, तेथें माणसांहून मेंढ्या फार, तळीं निळीं आणि रस्ते मोकळे. राजे निनादराव यांणीं कचेरींत सुट्टी साठवून, पौष मासीं तिकडे सहकुटुंब स्वारी न्यावी ऐसा बेत केला, आणि विमानाचीं चार तिकिटें घेतलीं. चार म्हणजे राजे, राणी, राजकन्या आणि मातुश्री. आणि तिकिटें घेऊन जाहल्यावर ध्यानांत आलें कीं त्या बेटावर गांवोगांव जाणारी एस.टी. नाहीं, गाडी भाड्यानें घेऊन आपण स्वतां हांकावी हीच तेथील रीत. आणि मातुश्री तर गेलीं तीन वर्षें मोटारींत बसत नव्हत्या. त्याची कथा सांगणें प्राप्त आहे. थोरले महाराज भालचंद्रराव आणि मातुश्री एका लग्नाहून आपले मोटारींतून परतत असतां महाराजांच्या छातींत कळ आली. त्यांणीं गाडी रस्त्याचे कडेस घेतली, हँडब्रेक ओढला, मातुश्रींस "जरा थांबूया गं" इतकें बोलले आणि तेथेंच कैलासवासी जाहले. कोणास धक्का नाहीं, गाडीस ओरखडा नाहीं. पुढें गाडी विकली. तेव्हांपासून मातुश्री जाणें येणें एस.टी.नें करीत, अथवा रिक्षानें, आणि कोणी मोटारींत घेऊं म्हटलें तर "मला उलटी होते" ऐसें सांगत. तें खरें नव्हतें हें सर्वांस ठाऊक होतें आणि कोणी बोलत नव्हतें.

तिकिटें दाखविलीं तेव्हां मातुश्री हर्षल्या, मेंढ्यांचीं चित्रें जुईबाईंसवें पाहिलीं, आणि मग गाडीचा मजकूर निघतांच म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. मी घर सांभाळते. झाडांना पाणी कोण घालणार?" राजे म्हणाले, "आई, अगं विमानात बसायला तयार आहेस. त्यालाही चाकं असतात." त्यावर मातुश्री शांतपणें बोलल्या, "विमान आपल्या घरचं माणूस चालवत नाही, निनाद." मग राजे ताटांतील भात चिवडीत राहिले. केतकीबाईंस तें वाक्य टोंचून राहिलें. त्यांच्या मनीं आलें कीं ह्या गेल्या नाहींत तर घर बंद, एकटी बाई, दिवेलागणीला कोणाशीं बोलेल, आणि आपण तिकडे निळ्या तळ्याशीं उभ्या राहून फोटो काढूं ते कोणत्या तोंडानें. परंतु ओढून नेणें हीहि जबरदस्तीच. सबब त्यांणीं मनांत धरलें कीं आधीं गाडी तरी ऐसी शोधावी कीं जींत बसतांना कोणास धास्ती वाटूं नये.

तेव्हां तीन पेढ्या नजरेंत भरल्या. पहिली पेढी जगभर पसरलेली, भाडें सर्वांत कमी, आणि फलक ऐसा लखलखीत कीं राजांनीं पाहतांच "हीच" म्हटलें. परंतु केतकीबाईंनीं खालचीं बारीक अक्षरें वाचलीं, आणि तेथें एक्सेस नामें गृहस्थ दबा धरून बसलेले सांपडले. एक्सेस म्हणजे ऐसें कीं विमा जरी असला तरी नुकसानीचा पहिला भार आपण सोसावा, तो भार संपल्यावर विमावाले पुढें येतील, आणि ह्या पेढीचा पहिला भार चौघांच्या विमानखर्चाच्या निम्म्यास भिडत होता. शिवाय काच फुटली तर वेगळें, टायर फाटला तर वेगळें, गाडीचें छप्पर आणि पोट हीं विम्यांतच नाहींत, आणि खडीच्या रस्त्यास गेलांत तर सगळेंच तुमचें. दुसरी पेढी भाडें चढें सांगे, परंतु रोजचा जादा आकार भरल्यास पहिला भार शून्य, काच आणि टायरहि आंत, लहान मुलाची खुर्चीहि फुकट. तिसरी पेढी अगदीं धाकटी, एक हेलन नामें बाई आणि तिचा भाऊ मिळून विमानतळाबाहेर चालवीत, गाड्या जुन्या पण धुतलेल्या, भाडें मधलें, आणि पहिला भारहि मधला, परंतु तो शून्य करून देण्याची सोय तिजकडे नव्हती. ऐसे तीन रकाने केतकीबाईंनीं आंखले, आणि एक भरून होतो न होतो तों जुईबाई "आई, शू" म्हणून उभ्या राहत, आणि पेटी मिटत असे.

राजांचें मत दुसरे पेढीकडे झुकलें. ते म्हणाले, "पैसे जाऊ देत. मला डोक्यावर काही नको. काहीही झालं तरी चावी टेबलावर ठेवायची आणि निघायचं." केतकीबाई म्हणाल्या, "काहीही म्हणजे काय होणारे?" राजे म्हणाले, "काही नाही गं. पण शेजारी आई बसलेली असणार. परका रस्ता. मला शून्य पाहिजे." तेव्हां केतकीबाईंस उमजलें कीं भीति एकट्या मातुश्रींसच नाहीं, आणि त्या हळूच म्हणाल्या, "विमा गाडीचा असतो रे. भीतीचा नाही मिळत." राजे हंसले. म्हणाले, "तेवढा रकाना आखायचा राहिला बघ तुझा."

पुढें अष्टमीचे दिवशीं, सायंकाळीं, मातुश्री आणि केतकीबाई भाजी घेऊन येत असतां खालीं पार्किंगमध्यें दुसऱ्या दिवशींच्या खंडेनवमीची तयारी चालली होती. महाजन नामें शेजारी बादली घेऊन आपली मोटार घासत होते आणि त्यांच्या पत्नी वरून हुकूम करीत होत्या, "अहो, चाकं घासा, चाकं! गेल्या वर्षी चिखलावर हार घातलात!" महाजन ओरडले, "तू ये ना खाली मग!" त्या गाडीच्या बॉनेटवर गेल्या दसऱ्याच्या स्वस्तिकाचा लालसर डाग अद्याप होता, घासून घासून फिका जाहलेला. मातुश्री तेथें थबकल्या. भाजीची पिशवी एका हातांतून दुसऱ्या हातांत घेतली. मग केतकीबाईंकडे न पाहतां म्हणाल्या, "तिकडच्या गाडीला मला एकदा बोट लावू देतील का गं?" केतकीबाई म्हणाल्या, "कसलं बोट, आई?" मातुश्री म्हणाल्या, "कुंकवाचं. जास्त नाही. नारळबिरळ काही नको, हार नको. एक बोट लावते आणि बसते. मग बसेन मी." आणि पिशवी घेऊन लिफ्टकडे निघून गेल्या, जणूं कांहीं बोलल्याच नाहींत. केतकीबाई उभ्याच राहिल्या. तीन वर्षांत "बसेन" हा शब्द प्रथमच कानीं आला होता.

राजांस हें सांगतांच ते म्हणाले, "मग त्यात काय, लावेल, मी रुमालानं पुसेन." परंतु केतकीबाई आतां बारीक अक्षरांस सरावल्या होत्या. पांढऱ्या रंगावर कुंकू कैसें बसतें तें महाजनांच्या बॉनेटवर पाहून आल्या होत्या. त्यांणीं तिन्ही पेढ्यांचीं कलमें पुनरपि वाचलीं आणि पाहतात तों डाग, रंग, लेप यांचा आकार निराळा लिहिलेला. शिवाय त्यांस लपवून करणेंच नको होतें. सासूबाईंनीं घाईघाईनें बोट लावावें, मुलानें मागून रुमाल फिरवावा, पेढीचा माणूस काचेतून पाहत आहे कीं काय म्हणून सगळ्यांनीं माना वळवाव्यात, ऐसी ती चोरटी पूजा केली काय न केली काय. सबब त्यांणीं तिन्ही पेढ्यांस उघड लिहिलें कीं आमचे घरीं वाहनांत बसण्यापूर्वीं त्यास लाल चूर्णाचें एक बोट लावण्याची रीत आहे, आमच्या मातुश्री वयानें थोर आहेत, हें आपणांस चालेल काय, आणि विम्यास बाध येईल काय.

राजे म्हणाले, "तू खरंच लिहिलंस? अगं, हसतील ते." राणी म्हणाल्या, "हसू देत. उत्तर देताना कुणाला हसू येत असेल तर चांगलंच आहे." पहिले पेढीचें उत्तर तत्काळ आलें, कारण तेथें उत्तर देणारें माणूसच नव्हतें. यंत्रानें लिहिलें कीं आपल्या स्वारस्याबद्दल आभार, आपणांस बर्फाच्या साखळ्या हव्या आहेत काय. केतकीबाईंनीं पुनश्च विचारलें, तों यंत्रानें बाळाची खुर्ची देऊं केली. तेथें तो विषय संपला. दुसरे पेढीनें मात्र विचार करून, बहुत अदबीनें लिहिलें. सारांश ऐसा कीं आम्ही आपल्या परंपरेचा आदर करितों, परंतु गाडीच्या रंगावर कोणताहि पदार्थ लावणें हें जाणूनबुजून केलेलें कृत्य ठरतें, आणि शून्य भाराचा विमा अपघातास लागू आहे, जाणूनबुजून केलेल्या कृत्यास नाहीं. केतकीबाईंनीं तें वाक्य दोन वेळां वाचलें. चुकून गाडी झाडावर घातली तर सर्व माफ, आणि समजून उमजून एक बोट टेकलें तर सगळा भार आपला. त्यांस राग आला नाहीं. विमावाल्यांचेंहि खरें होतें, त्यांस न ठरवतां घडणाऱ्या गोष्टींचाच हिशोब येतो. परंतु मातुश्रींच्या आयुष्यांतील सगळ्यांत मोठी गोष्ट न ठरवतांच घडली होती, आणि म्हणूनच त्यांस एक गोष्ट तरी ठरवून करावयाची होती, हें त्या अदबशीर पत्राच्या कोणत्या रकान्यांत बसावें.

तिसरे पेढीचें उत्तर दुसरे दिवशीं सकाळीं आलें, तें तीन ओळींचें. हेलनबाईंनीं विचारलें होतें कीं हें बोट कशासाठीं. आतां ह्यास काय लिहावें. केतकीबाई पेटीसमोर बसून राहिल्या, आणि मागून जुईबाई येऊन त्यांच्या पाठीवर घोडा घोडा करूं लागल्या, आणि तशाच डुलत डुलत त्यांणीं लिहिलें कीं माझे सासरे गाडी चालवतांना वारले, सासूबाई शेजारीं होत्या, त्या पुन्हां मोटारींत बसल्या नाहींत, आणि त्या म्हणतात कीं एक बोट लावलें तर बसेन. पाठवून दिलें आणि मग आपणच चपापल्या, कीं इतकें घरचें वर्तमान परक्या बाईस सांगितलें, तेंहि दर विचारतां विचारतां. थोडे वेळानें उलट उत्तर आलें: रंगावर नको, तो जुना आहे आणि धरून ठेवतो. समोरच्या काचेवर लावा, काच ओल्या फडक्यानें स्वच्छ होते. त्याचा आकार नाहीं. घाई करूं नका, त्यांस हवा तितका वेळ गाडी आमच्याच आवारांत उभी राहील.

मग राजाराणींची मसलत बसली आणि ती गोड नव्हती. राजे म्हणाले, "म्हणजे शून्य भार सोडायचा? एका बोटासाठी?" राणी म्हणाल्या, "एका बोटासाठी नाही. ज्या बाईसाठी चार तिकिटं काढलीस तिच्यासाठी." राजे म्हणाले, "आणि तिथं खरंच काही झालं तर? तेव्हा हेलनबाई येणारे भरायला?" राणी म्हणाल्या, "नाही येणार. म्हणून मी पुढचंही बघून ठेवलंय." आणि त्यांणीं चौथा रकाना दाखविला. तो ऐसा कीं प्रवासाचा विमा देणारी एक निराळी पेढी इकडेच आहे, ती भाड्याच्या गाडीचा पहिला भार उचलते. फेर इतकाच कीं तेथें आधीं आपण भरावें, पावत्या जपाव्यात आणि परतल्यावर मागावे. दुसरे पेढीच्या रोजच्या जादा आकारापेक्षां हा हप्ता कमीच पडत होता. राजांनीं कलमें वाचलीं, काच आहे काय पाहिलें, होती, टायर आहे काय पाहिलें, होता, पोट आणि छप्पर मात्र येथेंहि नव्हतें. ते म्हणाले, "म्हणजे चावी टेबलावर ठेवून निघता नाही येणार." राणी म्हणाल्या, "नाही. थांबून कागद मागावे लागतील." राजांनीं पेटी मिटली. मग म्हणाले, "केतकी, खरं सांगू? आई शेजारी बसली की मला बाबांसारखंच दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावंसं वाटेल, आणि ती ते बघेल." राणींनीं त्यांच्या केसांत हात घातला आणि म्हणाल्या, "मग मी चालवेन अर्धं. हेलनबाई दुसऱ्या चालकाच्या नावाचे जादा घेत नाहीत, विचारलंय मी." राजे म्हणाले, "आणखी काय काय विचारलंयस त्या बाईला!" आणि तेथें भांडण मोडलें, आणि तिसरी पेढी कायम जाहली, वर इकडचा प्रवासविमा.

आतां मातुश्रींस सांगणें उरलें. त्या बैठकींत झेंडूच्या फुलांचा ढीग घेऊन दोऱ्यांत ओवीत बसल्या होत्या आणि जुईबाई त्यांस फुलें मोजून देत होत्या, पैकीं निम्मीं चुरगळून. केतकीबाई शेजारीं बसल्या, सुई घेतली आणि म्हणाल्या, "आई, मिळाली परवानगी. काचेवर लावायचं. त्या म्हणाल्या, हवा तेवढा वेळ घ्या." मातुश्रींची सुई थांबली. "अगं बाई! तू त्यांना विचारलंस? परक्या लोकांना? काय म्हणाले असतील, ही म्हातारी कुठली कोण!" केतकीबाई म्हणाल्या, "काही नाही म्हणाल्या. कशासाठी, एवढंच विचारलं." मातुश्री म्हणाल्या, "मग तू काय सांगितलंस?" केतकीबाई म्हणाल्या, "खरं ते सांगितलं." मातुश्रींनीं सुई पुन्हां चालविली. दोन फुलें ओवलीं. मग हलक्या आवाजांत म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीलाही मीच लावलं होतं. शोरूममधून काढली ना, तेव्हा. चाकाखाली लिंबं, वर नारळ, पुढे पाच बोटं. हे म्हणाले, पुरे कुमुद, मागं रांग लागलीय." आणि हंसल्या. आणि हंसतांना त्यांचा हात गळ्याशीं गेला आणि तेथेंच राहिला. केतकीबाईंच्या ओठांशीं एक प्रश्न आला, तो त्यांणीं दोऱ्याच्या गांठींत घट्ट बांधून टाकला आणि म्हणाल्या, "आई, तुमची गाठ सुटतेय बघा." मातुश्री म्हणाल्या, "सुटू दे. पुन्हा मारू." आणि मग कांहीं वेळानें, जणूं भाजीचा भाव विचारावा तैसें, "थंडी असेल का गं तिकडे? माझा तो जांभळा स्वेटर घेऊ का?" तें ऐकतांच केतकीबाई उठल्या, स्वयंपाकघरांत गेल्या, आणि उगाच नळ सोडून डोळे धुऊन आल्या.

त्याच दिवशीं दोन प्रहर टळल्यावर सकल परिवार खालीं उतरला. राज्याचें वाहन म्हणजे राजांची स्कूटर, ती धुऊन पुसून उभी केली होती. महाजनांच्या मोटारीस हार चढला होता आणि महाजनीणबाई "वाकडा झाला, वाकडा झाला" म्हणत होत्या. मातुश्रींनीं ताट घेतलें, स्कूटरीच्या पुढच्या पत्र्यास हळद लावली, कुंकवाचें बोट टेकलें, आणि जरा वांकून, आरशाशीं तोंड नेऊन कांहीं पुटपुटल्या. जुईबाईंनीं विचारलें, "आजी, तिच्या कानात काय सांगितलंस?" मातुश्री म्हणाल्या, "सांगितलं, आमची माणसं सांभाळ." जुईबाईंस तें फार आवडलें. त्यांणींहि टांचा उंचावून आरशास सांगितलें, मग महाजनांच्या मोटारीस सांगितलें, मग कोपऱ्यांतील पंक्चर सायकलीसहि सांगितलें, आणि सगळे हंसले, मातुश्री सर्वांहून अधिक.

एवं मसलत सिद्धीस गेली. पेढी तिसरी ठरली, काचेवर बोट ठरलें, पहिला भार इकडच्या प्रवासविम्यानें उचलला, पोट आणि छप्पर कोणीच उचलीना म्हणून तें दैवाकडे सोंपविलें, आणि मातुश्री कुमुदिनीबाई पौषांत स्वारीबरोबर मोटारींत बसून मेंढ्या पाहावयास जाणार हें पक्कें जाहलें. ज्यांणीं आपलें माणूस परक्या चाकांवर बसवून दूर धाडिलें असेल त्यांणीं हें वर्तमान सावकाश वाचावें, इतकें लिहून लेखणी ठेवावी, तों जुईबाई सायकलीपाशीं एकाएकीं उभ्या राहिल्या. कांहीं वेळ विचार केला. मग धांवत आल्या, आजीच्या हातांतील ताटास धरून आईकडे मान वर केली, आणि सर्वांस ऐकूं जाईल ऐशा स्वच्छ आवाजांत विचारलें:

"आई, आजोबांच्या गाडीला कुणी सांगितलं नव्हतं का?"